तिसऱ्या क्रमांकाचा ठपका

दरवर्षी वातावरणात जो कार्बन डायऑक्साइड सोडला जातो त्याची देशवार उतरती यादी लावली असता चीन पहिला, अमेरिका दुसरी आणि भारत तिसरा येतो; आणि ज्याअर्थी भारत तिसरा आहे त्याअर्थी पृथ्वीच्या तापण्यास जबाबदार असणाऱ्यांतही तो तिसराच होय, असा एक युक्तिवाद गेली काही वर्षे पाश्चात्य राजधान्यांतून निघून आपल्याकडील सुशिक्षितांच्या बैठकींत स्थिर झाला आहे. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन विधाने येतात. भारताची अफाट लोकसंख्या हेच अनर्थाचे मूळ आहे, हे पहिले. पाश्चात्य राष्ट्रांनी मागल्या शतकांत जे केले ते अजाणतेपणी केले, तेव्हा गतकाळ उकरून काढण्यात अर्थ नाही, हे दुसरे. आणि दरडोई सरासरीची ढाल पुढे करून भारतातील धनिक वर्ग आपल्याच देशातील दरिद्री जनांच्या आड लपतो, हे तिसरे. या तिसऱ्या विधानात सत्याचा अंश मोठा आहे, आणि त्याला उत्तर देताना मुंबईच्या छायेत राहणाऱ्या आम्हा विरारकरांनाही आपला जमाखर्च उघड करावा लागेल. बाकीची विधाने मात्र आकड्यांपुढे, पदार्थविज्ञानापुढे आणि साध्या न्यायबुद्धीपुढे टिकणारी नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम क्रमांकाचीच गोष्ट घेऊ. भारत वर्षाला सुमारे ३०० कोटी टन कर्बवायू सोडतो आणि अमेरिका सुमारे ५०० कोटी टन, हे खरे. परंतु भारताचे ३०० कोटी टन हे १४० कोटींहून अधिक माणसांच्या दिव्याचे, शेतपंपाचे, प्रवासाचे आणि कारखान्यांचे आहेत, तर अमेरिकेचे ५०० कोटी टन अवघ्या ३४ कोटी माणसांचे. माणशी भाग घातला म्हणजे भारतीयाच्या वाट्याला दोन टनांच्या आसपास आणि अमेरिकनाच्या वाट्याला सुमारे चौदा टन येतात. ऑस्ट्रेलियाचीही स्थिती जवळजवळ तीच. साऱ्या जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या घरात आहे, म्हणजे ज्याला तिसऱ्या क्रमांकाचा अपराधी ठरवले गेले तो या सरासरीच्या निम्म्यापर्यंतही पोहोचलेला नाही. जपानचे उदाहरण पाहावे. त्याची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या आत, म्हणजे आपल्या महाराष्ट्राएवढीच आहे, आणि भारताच्या लोकसंख्येचा तो अकरावा हिस्साही भरत नाही. तरी त्याचे वार्षिक उत्सर्जन सुमारे १०० कोटी टन, म्हणजे संपूर्ण भारताच्या एक तृतीयांश आहे. असे असता यादीत जपान भारताच्या खाली दिसतो, आणि खाली दिसतो म्हणून कमी दोषी समजला जातो! उद्या भारतातील प्रत्येक घटक राज्य स्वतंत्र राष्ट्र झाले अशी क्षणभर कल्पना केली, तर वायूचा एक कणही कमी न होता हा तिसरा क्रमांक नाहीसा होईल. उलट युरोपीय संघातील २७ राष्ट्रांची बेरीज एकत्र मांडली तर यादीचा वरचा भाग निराळा दिसू लागेल. नकाशावरची रेघ हलवल्याने ज्या मोजमापाचा निकाल बदलतो, ते मोजमाप न्यायनिवाड्याच्या कामी ग्राह्य धरता येत नाही. वायू माणसे सोडतात, माणसांच्या गरजेपोटी आणि चैनीपोटी सोडतात. राष्ट्र हे त्या माणसांचे दप्तर ठेवण्याची एक सोय आहे, एवढेच.

एकूण रकमेपुढे माणशी हिस्सा मांडण्याची ही रीत आपण आज सोयीसाठी शोधून काढलेली नाही. हिंदुस्थानचा व्यापार आणि महसूल वाढतो आहे, सबब देश संपन्न होतो आहे, असे इंग्रज अधिकारी सांगत असता दादाभाई नौरोजींनी १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे जो निबंध वाचला, त्यात त्यांनी देशाच्या एकंदर उत्पन्नाला लोकसंख्येने भागून माणशी वार्षिक प्राप्ती सुमारे वीस रुपये काढली, आणि तेवढ्या प्राप्तीत तुरुंगातील कैद्याला मिळणारे अन्नवस्त्रही या देशाच्या रयतेला मिळत नाही, हे सरकारी आकड्यांनीच सिद्ध केले. मोठ्या बेरजेच्या आड माणूस दडवू देऊ नये, हा धडा ज्या शहराने दीडशे वर्षांपूर्वी ऐकला, त्याच्या परिसरातील लोकांनी आज तिसऱ्या क्रमांकाच्या बेरजेने दिपून जावे, याचे मला मनापासून दुःख होते.

दोन टन म्हणजे प्रत्यक्षात काय, हे विरारमध्ये राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे लोकल गाडी सुरू झाली आणि १९३६ साली या मार्गावरील विद्युतीकरण विरारपर्यंत येऊन पोहोचले; तेव्हापासून येथील कारकून, कामगार, परिचारिका, दूधवाले, फुले आणि भाजीच्या टोपल्या घेऊन निघणाऱ्या बायका हे सारे सार्वजनिक वाहनानेच पोट भरण्यास जात आले आहेत. मोटारी कमी वापरा, लहान घरात राहा, जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरा, असा जो उपदेश आज हवामान-परिषदांच्या व्यासपीठांवरून होतो, तो येथील बहुसंख्यांच्या दिनचर्येत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. मात्र त्याचा गौरव करावा असे मला वाटत नाही. पहाटेच्या अंधारात फलाटावर उभे राहून, श्वास घेण्यास जागा नसलेल्या डब्यात दीड तास अंग चोरून, दाराशी लोंबकळत, प्रसंगी रुळांवर पडून प्राण गमावत जो प्रवास होतो, त्यातून वाचलेला कर्बवायू हे तपश्चर्येचे फळ नसून वंचनेचे आहे. आणि पूर्वेकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगरात गेले म्हणजे हे दोन टनही फार वाटू लागतात. तेथील वारली, कातकरी, कोकणा कुटुंबे भातकापणी आटोपून दिवाळीनंतर ‘जगायला’ म्हणून घराला कडी घालून निघतात, वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर आणि विरारच्या इमारतींच्या पायाड्यांवर उन्हाळा काढतात, आणि पहिल्या पावसाबरोबर परततात. भारतात माणशी विजेचा वार्षिक वापर सुमारे १,४०० युनिट आहे आणि अमेरिकेत तो बारा हजारांच्या वर. परंतु त्या १,४०० युनिटांतही मोखाड्याच्या पाड्यावरच्या माणसाचा वाटा किती, हे तेथे एक रात्र काढणाऱ्याला तत्काळ कळते. या माणसाने अधिक वीज वापरावी, पंखा लावावा, त्याच्या मुलीने दिव्याखाली अभ्यास करावा, तिच्या आईला डोक्यावरून मोळी वाहावी लागू नये, हे ज्याला पृथ्वीवरचे संकट वाटते त्याच्याशी वाद घालण्यास समान भूमीच उरत नाही.

लोकसंख्येच्या आक्षेपाला उत्तर देण्यास फार जागा लागत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारताचा एकूण प्रजननदर २.० वर, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या पातळीच्या खाली आला आहे, आणि महाराष्ट्राचा तर १.७ वर. ज्या आफ्रिकेत लोकसंख्या आज सर्वाधिक वेगाने वाढते आहे, तिच्याकडे जगाच्या लोकसंख्येचा जवळजवळ पाचवा हिस्सा असूनही आजवरच्या जीवाश्म-इंधनजन्य उत्सर्जनात तिचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोष देताना माणसे मोजायची आणि हक्क वाटताना तीच माणसे वगळायची, ही दुटप्पी मोजणी आहे.

आता गतकाळाचा प्रश्न, आणि माझ्या मते या वादातील तोच कळीचा प्रश्न आहे. गतकाळ विसरा असे म्हणणाऱ्यांना या वायूचा स्वभाव तरी ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो बाजूला ठेवणे सोयीचे वाटते. आपण सोडलेल्या कर्बवायूचा निम्म्याहून काहीसा अधिक भाग समुद्र व वनस्पती शोषून घेतात. उरलेला वातावरणात राहतो, आणि त्यातील मोठा अंश शतकानुशतके राहतो. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग असणारा हा वायू आज ४२० भागांच्या वर गेला आहे, आणि पृथ्वी तापते ती या वर्षीच्या भरीमुळे नव्हे, तर साठलेल्या संपूर्ण राशीमुळे. ही रास कोणी रचली? एकट्या अमेरिकेचा तीत सुमारे चतुर्थांश वाटा आहे, आणि तिची लोकसंख्या जगाच्या चार टक्क्यांच्या जवळपास. भारताकडे जगाची सतरा-अठरा टक्के माणसे, आणि त्यांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या घरात. ज्या ब्रिटनची लोकसंख्या सात कोटींच्या आसपास आहे, त्याचा संचित वाटा आजदेखील भारताच्या वाट्याहून मोठा आहे.

वसई तालुक्यात जमिनीचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, आणि येथील अगदी निरक्षर शेतकऱ्यालाही एक नियम पक्का ठाऊक असतो: बापाच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात, परंतु ‘इतर हक्क’ या सदरात सोसायटीचा जो बोजा नोंदलेला असेल तो त्या फेरफाराने पुसला जात नाही. ‘कर्ज आमच्या वडिलांनी काढले, तेव्हा आम्ही अज्ञान होतो’ अशी कैफियत घेऊन कोणी तहसील कचेरीत गेला, तर त्याला एवढेच विचारले जाईल की, जमीन तुझ्या वहिवाटीत आहे ना? वारसाने स्वतःच्या कमाईतून वडिलांचे सर्व देणे फेडावे असे कायदाही म्हणत नाही. परंतु जी मिळकत वारशाने त्याच्या हाती आली, तिच्या मर्यादेत ते देणे त्याच्यामागे येतेच. पाश्चात्य राष्ट्रांचे लोहमार्ग, बंदरे, विद्यापीठे, रुग्णालये, पेढ्यांतील भांडवल आणि निवृत्तिवेतनाचे निधी ही दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून उभी राहिलेली मिळकत आहे; ती आजच्या पिढीने आनंदाने आपल्या नावावर चढवून घेतली आहे, आणि त्या मिळकतीवरील बोजा तेवढा साऱ्या मानवजातीत सम प्रमाणात वाटून द्यावा असे तिचे म्हणणे आहे. कोणत्याही देशाच्या दिवाणी न्यायात ही मागणी मान्य होणार नाही.

शिवाय अजाणतेपणाची सबबही खरी नाही. कोळसा जाळल्याने पृथ्वीचे तापमान वाढेल, हे गणित स्वीडनचा शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस याने १८९६ सालीच मांडले होते. चार्ल्स कीलिंग याने हवाईतील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून या वायूची वाढ प्रत्यक्ष मोजून दाखवली. १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्या वैज्ञानिक सल्लागार समितीने या धोक्याचा लेखी इशारा दिला. एवढे करूनही अज्ञानाचा काळ १९९० पर्यंत ताणायचा म्हटले तरी हिशेब सुटत नाही; कारण आंतरशासकीय हवामान-बदल मंडळाच्या सहाव्या अहवालाप्रमाणे १८५० ते २०१९ या १७० वर्षांतील एकंदर उत्सर्जनापैकी सुमारे ४२ टक्के उत्सर्जन १९९० नंतरच्या तीस वर्षांत झाले, आणि त्या तीस वर्षांच्या पूर्वार्धात अमेरिकन माणूस दरसाल सुमारे वीस टन वायू सोडत होता. त्यात चीनचाही भाग मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. चीनचे दरडोई प्रमाण आज आठ टनांच्या घरात गेले आहे आणि भारताच्या पंक्तीला बसून गरिबांच्या सवलती मागण्याचा त्याचा अधिकार आता संपत आला आहे.

१९९२ साली रिओ येथे जो जागतिक करार झाला, त्याच्या प्रास्ताविकातच मागील व तत्कालीन उत्सर्जनाचा सर्वांत मोठा भाग विकसित राष्ट्रांचा असल्याचे नमूद आहे, आणि जबाबदारी सर्वांची असली तरी ती भिन्न भिन्न प्रमाणात आहे व विकसित राष्ट्रांनी पुढाकार घ्यावयाचा आहे, असे त्याचे कलम आहे. त्या करारावर अमेरिकेने सही केली आणि त्याच वर्षी तिच्या सिनेटने त्याला संमती दिली. त्याच १९९२-९३ च्या सुमारास आमच्या शेजारी जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने आदिवासी बालके मृत्युमुखी पडत होती, हे मी येथे मुद्दाम लिहून ठेवतो. कारण ज्यांची भाकरी अजून तव्यावर चढलेली नव्हती त्यांना त्या करारातील ‘भिन्न प्रमाण’ हे शब्द दयेचे दान नसून किमान हक्काची नोंद होती. पाच वर्षांनी, १९९७ च्या जुलैमध्ये, क्योतोच्या परिषदेआधीच त्याच सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की, विकसनशील राष्ट्रांवर त्याच मुदतीत बंधने घातल्याखेरीज अमेरिकेने अशा कोणत्याही करारास बांधून घेऊ नये. अमेरिकेने क्योतो करार शेवटपर्यंत कायम केला नाही. कॅनडाने कायम केला आणि २०११ मध्ये त्यातून बाहेर पडण्याची घोषणा केली. पुढे २०१५ चा पॅरिस करार आला, ज्यात प्रत्येकाने आपापल्या मर्जीने आपले वचन लिहून द्यावयाचे होते. त्यातूनही अमेरिका एकदा बाहेर पडली, परत आली, आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याचा हुकूम निघाला. ज्याने दस्तऐवजावर सही करून तीन वेळा पाय मागे घेतला, त्याने दुसऱ्याच्या वचनाची तपासणी करावी हे कोणत्या न्यायात बसते?

आकडे मांडण्याच्या रीतीतही अन्याय कसा शिरतो याचे एक जुने उदाहरण आहे आणि ते आज नव्याने वाचण्यासारखे आहे. १९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने जी गणना प्रसिद्ध केली, तीत भारत आणि चीन यांना अग्रणी दोष्यांत बसवले होते. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये तिला दिलेले उत्तर आपल्या देशातील प्रतिवाद-वाङ्मयात मानाने नोंदले जावे असे आहे. समुद्र आणि अरण्ये जो वायू शोषून घेतात तो निसर्गाचा लाभ वॉशिंग्टनच्या त्या संस्थेने प्रत्येक देशाला त्याच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटून दिला होता. म्हणजे जो अधिक घाण करील त्याच्या पदरी अधिक समुद्र! अग्रवाल-नारायण यांनी ही गोम उघड केली, समुद्रावर आणि आकाशावर प्रत्येक माणसाचा समान हक्क धरून हिशेब पुन्हा मांडला, आणि जगण्यासाठी होणारे उत्सर्जन व चैनीसाठी होणारे उत्सर्जन यांत भेद केलाच पाहिजे असा आग्रह धरला. भातखाचरातून निघणारा वायू आणि मोटारींच्या ताफ्यातून निघणारा वायू एका तराजूत घालता येत नाहीत, हे त्यांनी निर्भीडपणे सांगितले. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तिसऱ्या क्रमांकाचा युक्तिवाद त्या उत्तराची दखल न घेताच फिरतो आहे.

अलीकडे या युक्तिवादाला जकातीचे हातपाय फुटले आहेत. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादी आयात मालावर कार्बन-कराची योजना केली असून २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिच्या नोंदी मागण्यास प्रारंभ झाला आणि २०२६ च्या जानेवारीपासून तिचे दायित्व लागू झाले. आमच्या कारखानदारास हा कर भरावा लागतो, मग परक्याचा माल त्याविना का यावा, समता असावी, असे तिचे समर्थन आहे. मुंबईच्या माणसाने ही समता पूर्वी पाहिली आहे. लँकेशायरच्या कापडाला हिंदुस्थानात आयातकर पडतो, मग मुंबईच्या गिरण्यांना सूट का, अशाच समतेच्या नावाखाली १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला, आणि टिळकांपासून गिरणीमालकांपर्यंत सर्वांनी त्याविरुद्ध आवाज उठवूनही तो रद्द होण्यास १९२६ साल उजाडावे लागले. पुढे धावणाऱ्याला जी चाल मिळाली ती मागून निघालेल्याला नाकारण्याची ही जुनीच पद्धत आहे. १८९६ मध्ये तिला मुक्त व्यापाराचे नाव होते, आज पर्यावरणाचे आहे.

भारताने कोळशाचा हट्ट धरला, अन्य मार्ग शोधलाच नाही, असेही सांगितले जाते. आमच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. विरारहून तेथे जाण्यास गाडीने फार वेळ लागत नाही. त्या केंद्राला इंधन पुरवण्याचा करार अमेरिकेने १९६३ मध्ये केला होता. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्या पुरवठ्यात अडथळे आले, १९७८ च्या अमेरिकन कायद्यानंतर तो बंद पडला, आणि फ्रान्सकडून इंधन मिळेपर्यंत केंद्राची ओढाताण झाली. अण्वस्त्रप्रसाराविषयी अमेरिकेची भीती खोटी होती असे मी म्हणत नाही. परंतु धूर न सोडणारी वीज देणारे तंत्र आणि इंधन दशकानुदशके राखून ठेवणाऱ्यांनी कोळशाबद्दल दूषण देताना तो इतिहासही सांगावा. ब्रिटनने आपले शेवटचे कोळसा-वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले, ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय आहे. लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्ट येथे १८८२ मध्ये कोळशावर वीज निर्माण होऊ लागली होती, म्हणजे या निवृत्तीला ब्रिटनला १४२ वर्षे लागली. त्याच्या घटलेल्या उत्सर्जनाचा काही भाग कारखाने आशियात गेल्यामुळे घटला आहे, आणि तेथे बनलेल्या वस्तूंचा धूर वस्तू वापरणाऱ्याच्या नावे मांडला तर ब्रिटनचा आकडा बराच वर जातो, हेही सोबत वाचले पाहिजे.

आता त्या तिसऱ्या विधानाकडे येतो. भारतातील श्रीमंत गरिबांच्या आड लपतात, हे खरे आहे. डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झाले ते मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी. कोळशाची राख आणि धूर डहाणूच्या चिकूच्या बागांना आणि वारली पाड्यांना मिळाला, वातानुकूलित खोल्या मुंबईला मिळाल्या. डहाणूकरांनी न्यायालयात झुंज दिली, १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसले, आणि त्याच्या दट्ट्याने गंधकवायू रोखणारी यंत्रणा तेथे बसवावी लागली. कर्बवायू मात्र तशा यंत्रणेने अडत नाही. निर्धूर विजेची कहाणीही फारशी वेगळी नाही: सह्याद्रीतील धरणांनी मुंबईच्या गिरण्यांना जलविद्युत दिली, आणि १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांना सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली आपल्या बुडणाऱ्या शेतांसाठी सत्याग्रह करावा लागला. वीज शहराची आणि किंमत डोंगराची, हा न्याय आपण आपल्याच देशात शंभर वर्षे चालवला आहे, आणि विरारच्या टोलेजंग इमारतीही आज त्याच्या लाभार्थी आहेत.

परंतु या कबुलीतून पाश्चात्यांची सुटका निष्पन्न होते काय? २०२२ च्या जागतिक विषमता अहवालाचे आकडे, ज्यात उपभोग व गुंतवणूक यांमागचा कार्बनभारही धरलेला आहे, असे सांगतात की, भारतातील खालच्या अर्ध्या जनतेचा भार माणशी सुमारे एक टन आणि वरच्या दशांशाचा सुमारे नऊ टन आहे. तर अमेरिकेतील खालच्या अर्ध्या जनतेचा भार माणशी सुमारे दहा टन आहे. म्हणजे आपल्याकडील जे संपन्न लोक गरिबांच्या आड लपतात असा आरोप आहे, त्यांची सरासरी अमेरिकेतील सामान्य, कष्टकरी अर्ध्या जनतेच्या सरासरीपर्यंतही पोहोचत नाही. भारताचा वरचा एक टक्का मात्र तीस टनांच्या पलीकडे जातो, आणि त्याला दरडोई सरासरीच्या आश्रयाला जागा मिळता कामा नये. जे तत्त्व आपण वॉशिंग्टनला लावतो तेच मलबार हिलला लावले पाहिजे, खासगी विमाने आणि ऐश्वर्याच्या मोटारी यांवर कर बसला पाहिजे, आणि त्या करातून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यावर सौरवीज गेली पाहिजे. हे आपण केले नाही तर जगापुढील आपला दावा दुबळा होईल. खोटा मात्र होणार नाही, कारण सावकाराच्या घरातील भाऊबंदकीने कुळाचे देणे वाढत नाही आणि कुळाच्या घरातील भांडणाने सावकाराचे लबाड खाते खरे ठरत नाही.

हा वाद तात्त्विक राहिलेला नाही, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पाहिले आहे. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, वसईच्या मिठागरांतील कुटुंबे पाण्याने वेढली गेली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने हाच किनारा झोडपला. अर्नाळा, राजोडी, कळंब येथे समुद्र सुरूच्या बागा खात आत सरकतो आहे. यातील सारा दोष आकाशाला देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण खाजणे आम्हीच बुजवली, नाले आम्हीच अरुंद केले आणि वाळूही येथल्याच माणसांनी उपसली. परंतु तापलेल्या समुद्रावरून येणाऱ्या पावसाचा मारा जसा वाढेल तसा तो आधी मिठागरातल्या झोपडीवर आणि अर्नाळ्याच्या कोळीवाड्यावर पडेल, आणि त्या झोपडीने व त्या कोळीवाड्याने वातावरणाच्या राशीत जवळजवळ काहीच घातलेले नाही. त्यांच्या संरक्षणाचा खर्च कोणी द्यावयाचा? श्रीमंत राष्ट्रांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले, ते दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये पुरे झाले, आणि त्यातील बराच पैसा कर्ज म्हणून दिला गेला. २०२४ मध्ये बाकू येथील हवामान-परिषदेत विकसनशील राष्ट्रांनी १,३०० अब्ज डॉलरची गरज मांडली असता २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्जांचा आकडा हातोडा आपटून संमत करण्यात आला, आणि भारताच्या प्रतिनिधीने त्याच सभेत उभे राहून तो नाकारला. तो नकार योग्य होता.

माझी विनंती मराठी वृत्तपत्रांच्या संपादकांना आणि शाळांच्या पाठ्यपुस्तकांच्या कर्त्यांना आहे. भारत उत्सर्जनात तिसरा आहे हे वाक्य आपण अवश्य छापावे, ते खरे आहे. परंतु ज्या ओळीत ते छापाल त्याच ओळीत भारतीय माणसाचे दोन टन आणि अमेरिकन माणसाचे चौदा टन छापा, आजवरच्या राशीतील साडेतीन टक्के आणि चोवीस टक्के छापा, आणि भारतातील वरच्या एका टक्क्याचे तीस टनही छापा. हे पाच आकडे सोबत नसतील तर ते वाक्य छापू नका.